तोंड कोल्ह्याकडे

त्या मुलखात पहारा जमिनीवर होता आणि निवाडा झाडावर.

जमीन म्हणजे माळ: कुसळी गवत, मुरूम, मधून गेलेला एक कोरडा ओहोळ. तिथे टिटव्या राहत. चार खड्यांच्या आडोशाला उघड्यावर अंडी घालत आणि सगळ्या मुलखासाठी जागत. ज्याची अंडी उघड्यावर, त्याचे डोळे उघडे, हे झाडावरच्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं आणि पहाऱ्याचं काम टिटव्यांकडे दिलं होतं. झाड एकच होतं, माळाच्या मधोमध उभी असलेली जुनी चिंच. खालच्या फांदीवर भुरे, कबुतरासारखे होले बसत. मधल्या फांदीवर काळे, दुभंगल्या शेपटीचे कोतवाल पक्षी बसत. शेंड्यावर कोण बसतं हे माळावरच्या कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी एक सावली गवतावरून सरकायची, तेवढीच ओळख.

झाडावरचे टिटव्यांना विसरले होते असं मात्र नाही. कामगिरीला मान द्यायची रीत होती. मान तीन होते. सगळ्यांत लहान तो हाळीचा: कोतवालाने झाडावरून एकदा नाव पुकारायचं, संपलं. मधला पिवळ्या खड्याचा. तो खडा घरट्यापुढे मांडून ठेवायचा. आणि सगळ्यांत मोठा काटेघराचा. झाडापासून शंभर पावलांवर एक उंचवटा होता, त्याला बोरी-बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण. आत कोल्हा जात नसे, कुत्रं जात नसे. ज्याला काटेघर मिळालं त्याने मरेपर्यंत आत राहायचं आणि दोन्ही डोळे मिटून झोपायचं. माळावर दोन्ही डोळे मिटून झोपलेली टिटवी कुणी पाहिली नव्हती.

मान मागायचा तो तुकडीच्या नाइकाने. त्याने खालच्या फांदीखाली उभं राहून घडलेलं सांगायचं, ते होल्याने मधल्या फांदीला सांगायचं, कोतवालाने शेंड्याला. वर जाताना गोष्ट हलकी होत जाई. प्रत्येक फांदीला आपण नीट ऐकलं हे दाखवायचं असे, आणि नीट ऐकल्याची खूण म्हणजे काहीतरी कमी करणं. जसंच्या तसं वर पाठवणारा डुलक्या काढत होता असं समजत. म्हणून जुने नाईक हाळी हवी असली की खडा मागत आणि खडा हवा असला की काटेघर.

वेणू नवी नाईक होती. कुसळ उडालं तरी दचकायची, स्वतःच्या सावलीने दोनदा उडाली होती. तुकडीतल्या टिटव्या हसत, पण तिला नाईक केलं होतं ते याच गुणावर. जी आधी दचकते ती आधी ओरडते.

चैत्र संपत आला होता. वेणूच्या तुकडीकडे ओहोळाच्या अलीकडची अकरा घरटी होती आणि त्यांत चाळीस अंडी, दोन-चार दिवसांत फुटतील अशी. भर दुपारी कोल्हा आला. ओहोळाच्या खोलगटातून दबकत आला, म्हणून वेणूला उशिरा दिसला. ती ओरडली तेव्हा तो पहिल्या घरट्यापासून वीस पावलांवर होता.

तुकडीत सगळ्यांत वयस्क होती सगुणा. बाकीच्या उडाल्या, ती उडाली नाही. ती कोल्ह्याच्या नाकासमोर आली, त्याच्याकडे पाठ केली, डावा पंख मातीत लोळवला आणि लंगडत ओहोळाच्या दिशेने पळू लागली. टिटव्यांची ही जुनी विद्या. मोडक्या पंखाचं पाखरू दिसलं की कोल्हा अंडी विसरतो. आई लेकीला शिकवते ती एवढंच शिकवते: पाठ दाखव, पण पोचू देऊ नकोस.

तीनदा तो झेपावला, तीनदा सगुणा वीतभर पुढे निसटली. ओहोळाच्या काठावर मात्र कोल्हा थांबला. दमला होता की त्याला शंका आली, कोण जाणे. त्याने मान वळवून मागे घरट्यांकडे पाहिलं. वर घिरट्या घालणाऱ्या वेणूला ते दिसलं. सगुणालाही दिसलं. मग सगुणा थांबली, आणि ती वीतभर मागे सरकली.

कोल्ह्याच्या दातांत तोच पंख आला. तिने हिसडा दिला. हाड मोडल्याचा आवाज वर वेणूपर्यंत आला. सगुणा ओहोळात कोसळली आणि पलीकडच्या बोरीच्या जाळीत शिरली. कोल्हा जाळीभोवती बराच वेळ फिरला, शेवटी तोंडात पिसं घेऊन पलीकडच्या पलीकडे निघून गेला. चाळीसच्या चाळीस अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. सगुणाचा पंख सांधला नाही.

न उडणारी टिटवी माळावर किती दिवस टिकते हे सगळ्यांना ठाऊक होतं.  सगुणा बोरीच्या जाळीत राहायची, पण ती जाळी एका बाजूने उघडी होती आणि कोल्ह्याने ती वाट पाहून ठेवली होती.

वेणूने काटेघर मागितलं. खालच्या फांदीखाली उभं राहून तिने सगळं घडलं तसं सांगितलं: पाठ केली, पंख मोडल्याचं सोंग केलं, पळाली, थांबली, मागे सरकली. टिटव्यांनी ते ऐकलं असतं तर आदराने माना लववल्या असत्या. पण ऐकणारे झाडावरचे होते. त्यांच्यात कुणी पळून अंडी वाचवत नाही. घरट्यापाशी कावळा आला तर कोतवाल त्याच्या डोक्यात चोच मारतो, आणि तीही समोरून.

आठव्या दिवशी निकाल खाली आला. म्हातारा होला फांदीच्या टोकाशी येऊन एका दमात म्हणाला, “पिवळा खडा. कारणं तीन. एक, शत्रूकडे पाठ होती. दोन, जखम सोंगाची होती. तीन, पुढे खरी जखम झाली ती बेसावधपणामुळे, कारण हेच काम इतर टिटव्या पंख न मोडता करतात.”

“बेसावध?” वेणू म्हणाली. “ती बेसावध होती?”

होल्याने मान पिसांत ओढून घेतली. “माझं काम सांगायचं, बाई.”

ओहोळापलीकडच्या तुकडीचा नाईक भिवाजी त्या दिवशी ओहोळात उरलेल्या एकुलत्या डबक्यावर पाणी प्यायला आला होता. आठ उन्हाळे पहारा केलेला, एक डोळा अधू, तोंड तिखट.

“काय मागितलंस?” त्याने विचारलं.

“काटेघर.”

“आणि मिळायला काय हवं होतं?”

“काटेघरच.”

“तिथेच मेलीस. जेवढं हवं तेवढंच मागतात होय कुणी? अगं, काटेघराच्या वर चौथा मान नाही, मग कापायचं तर त्यांनी काय कापायचं? तुझं काटेघरच.” भिवाजीने चोच पाण्यात बुडवली, मान वर करून घोट घेतला. “माझ्या आठ उन्हाळ्यांत तीन काटेघरं दिली त्यांनी. दोन कोतवालांना, एक होल्याला. होल्याला कशाबद्दल ठाऊक आहे? फांदी मोडून पडली तेव्हा तो तिच्यावर बसलेला होता.”

“मग ते आत राहत का नाहीत? कुंपणात तर कुणीच दिसत नाही.”

“त्यांना कशाला राहायचंय तिथे? ते राहतात झाडावर.”

वेणू हसली नाही. तिने विचारलं, हरकत घेता येते ना?

“येते की. जा, फांदीवर जाऊन बस,” भिवाजी म्हणाला, आणि मग तो मात्र हसला.

हसण्यासारखंच होतं ते. हरकतीचा नियम एका ओळीचा होता: ज्याला निकाल मान्य नाही त्याने मधल्या फांदीवर येऊन बसावं आणि बसल्या जागेवरून बोलावं, सुनावणी संपण्याआधी तीनदा उठला तर हरकत मागे घेतली असं धरावं. नियम टिटव्यांविरुद्ध केलेला नव्हता. ज्यांनी केला त्यांच्या पायांना मागे वळणारं मजबूत बोट होतं, आणि सगळ्यांनाच ते असतं अशी त्यांची समजूत होती. टिटवीचं मागचं बोट नावापुरतं असतं. ते पाय धावायला उत्तम, फांदी धरायला निरुपयोगी. टिटव्या झाडावर बसत नाहीत. आजवर एकही हरकत ऐकली गेली नव्हती, आणि झाडावर याचा अर्थ असा घेतला जाई की माळावर सगळे समाधानी आहेत.

नियमाला एक शेपूटही होतं. हरकत घेतली की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. खड्याचं काटेघर होऊ शकत होतं, तशी खड्याची नुसती हाळीही होऊ शकत होती.

वेणू बोरीच्या जाळीत गेली. सगुणा आत दगडाला टेकून बसली होती, पिवळा खडा तिच्या पुढ्यात होता. कुणीतरी आणून ठेवला होता.

“या नाईकबाई,” सगुणा म्हणाली. “बघा, कसा चमकतोय. कोल्हा आला की आधी हा दाखवीन त्याला. म्हणेन, जरा जपून रे बाबा, मानकरी आहे मी.”

“अक्का, मी हरकत घेणार आहे.”

सगुणाने खडा चोचीने जवळ ओढला. म्हणाली, “कशाला गं? पडशील फांदीवरून. हसतील तुला. आणि खडा गेला तर? तो राहू दे की.”

“खड्याने कोल्हा अडतो का?”

“नाही अडत,” सगुणा म्हणाली. “पण त्यांनी मला बेसावध म्हटलं, ते पुन्हा वर जाऊन पुन्हा ऐकायचं तुला? तू तर पान पडलं तरी उडतेस.”

वेणूने मान वळवली. जाळीच्या उघड्या बाजूला मऊ मातीत पंजे उमटलेले होते. काल नव्हते. तिने ते पाहिले, आणि सगुणाने ते आधीच पाहिलेले आहेत हेही तिला कळलं. 

त्या दिवसापासून वेणू ओहोळातल्या एका पडक्या फांदीवर बसायला शिकू लागली. फांदी जमिनीपासून हातभर उंच होती. ती चढायची आणि घसरायची. पायांची कातडी सोलली. नवव्या दिवशी तिला एक युक्ती सापडली: पाय लटकते सोडायचे, छाती आणि पोट फांदीवर दाबून धरायचं, पंख किंचित उघडे ठेवून तोल राखायचा. असं तिला शंभर श्वास राहता येत होतं. वारा नसला तर.

अकराव्या दिवशी तो म्हातारा होला दाणे टिपायला खाली आला. होले जमिनीवर उतरतात, म्हणून त्यांना माळाची थोडी कणव असते. टिपत टिपत तो तिच्या जवळ आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्या येणार म्हणे.”

“हो, मामा.”

“तेच सांगणार?”

“जे घडलं ते.”

“घडलं ते त्यांनी ऐकलंय.” त्याने एक दाणा टिपला, दुसरा सोडला. “हे बघ, मी वाईट सांगत नाही. पाठ ही गोष्ट फांदीला झेपत नाही. तिला ती दिसतच नाही नीट. तिला दिसतं ते तोंड. कोल्हा होता, टिटवी होती, पंख मोडला, अंडी वाचली. एवढं सगळं खरंच आहे ना? मग तोंड कुठे होतं, एवढ्याशा गोष्टीसाठी…” तो थांबला. “म्हातारीला किती दिवस आहेत?”

वेणूने बोरीच्या जाळीकडे पाहिलं.

“सगळे नाईक करतात,” होला म्हणाला आणि उडून गेला.

दुसऱ्या दिवशी वारा होता.

मधल्या फांदीवर सात कोतवाल एका ओळीत बसले होते. वेणू उडत वर गेली, फांदीवर उतरली आणि उतरल्या उतरल्या घसरून खाली आली. माळावर सगळ्या टिटव्या बघत होत्या. “अर्जदार एकदा उठली,” वरून आवाज आला. ती पुन्हा चढली. या खेपेला तिने छाती टेकली, पोट दाबलं, पाय सोडून दिले.

“ही आडवी झालीय,” एक कोतवाल म्हणाला.

“नियमात बसणं आहे. कसं बसायचं ते नाही,” थोरला कोतवाल म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. “बोला, नाईक.”

वेणू बोलू लागली. दुपार होती, कोल्हा आला होता, वीस पावलांवर होता. वाऱ्याने फांदी वर गेली, खाली आली. तिची नखं सालीवर खरवडली. अकरा घरटी होती, चाळीस अंडी होती. कोल्हा ओहोळाच्या काठावर थांबला, त्याने मागे पाहिलं, तेव्हा सगुणा…

“थांबा,” थोरला कोतवाल म्हणाला. “हे आम्ही ऐकलंय. आम्हाला एकच गोष्ट समजलेली नाही. ती एवढी शूर होती तर पळत का होती?”

“पळत नव्हती, साहेब. ती त्याला नेत होती.”

“कोल्हा तिच्या मागे होता?”

“हो.”

“म्हणजे ती त्याच्या पुढे पळत होती.”

कुणीतरी बारीक हसलं. वेणूने मान वळवायचा प्रयत्न केला आणि तोल गेला. पंख फडफडले, फांदी सुटली, ती हवेत उलटी झाली आणि जमिनीला लागण्याआधी सावरली. “अर्जदार दोनदा उठली,” वरून आवाज आला. खाली भिवाजी उभा होता. तो हसत नव्हता. “जा,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “जा, जा.”

ती तिसऱ्यांदा फांदीवर आडवी झाली. आता सोललेल्या पायांची आग होत होती. इथून ओहोळ दिसत होता. बोरीची जाळी दिसत होती. तिची उघडी बाजू इतक्या उंचावरून भलतीच मोठी दिसत होती.

“नाईक,” थोरला कोतवाल म्हणाला. तो किंचित पुढे वाकला होता. तिला वाटलं, त्यालाही हे लवकर संपायला हवंय. “शेवटचं विचारतो. कोल्ह्याने तिला धरलं त्या वेळी तिचं तोंड कुठे होतं?”

वारा आला. फांदी एकदा पूर्ण वाकली. वेणूने डोळे मिटले.

“कोल्ह्याकडे,” ती म्हणाली.

मग तिची छाती सालीवरून निसटली आणि ती पडली. पण प्रश्न शेवटचा होता, आणि उत्तर झालेलं होतं. “सुनावणी संपली,” वरून आवाज आला. तिसरं उठणं कुणी धरलं नाही.

उन्हं कलायच्या आत शेंड्यावरून उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर आलेलं कुणाला आठवत नव्हतं. काटेघर.

सगुणाला जाळीपासून काटेघरापर्यंत चालत यायला अर्धा दिवस लागला. दोन्ही बाजूंनी टिटव्या उभ्या होत्या. कुंपणातली फट उघडली, ती आत गेली, फट बंद झाली. तिने उंचवट्यावर एक चक्कर मारली, एक काटा चोचीने हलवून पाहिला, तो हलला नाही. मग ती बसली आणि तिचे दोन्ही डोळे मिटले. वेणू कुंपणाबाहेर ते बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी एक वाळकं पान तिच्या पाठीवर पडलं आणि ती दचकली नाही.

काटेघराचा मान मिळालेल्या कामगिरीची आणखी एक रीत होती. माळावरच्यांना ती फारशी आठवत नव्हती, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला ती आली नव्हती. अशी कामगिरी सात दिवस झाडावरून पुकारायची आणि पुढे पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या टिटवीकडून पहिला धडा म्हणून तीच पाठ करून घ्यायची.

पहिल्या दिवशी थोरल्या कोतवालाने पुकारलं ते सुनावणीत ठरलं तेवढंच: सगुणा नावाच्या टिटवीने कोल्ह्याकडे तोंड करून त्याला अडवलं. दुसऱ्या दिवशी होल्यांनी त्यात तिचा पंख घातला, मिटलेला. तिसऱ्या दिवशी मधल्या फांदीने छाती घातली, पुढे काढलेली. एकदा मान ठरला की नीट ऐकल्याची खूण बदलत असे. आता प्रत्येक फांदी काहीतरी वाढवत होती. सातव्या दिवशी गोष्ट अशी झाली होती: सगुणा पंख मिटून, छाती पुढे काढून, जागची न हलता उभी राहिली; तिच्या नजरेला नजर देणं कोल्ह्याला जमेना; त्याने संतापून पंख तोडला, तरी ती हलली नाही; तेव्हा तो घाबरून पळाला.

वेणू त्या संध्याकाळी कुंपणापाशी गेली.

“ऐकलंस का?” सगुणा आतून म्हणाली. “कोण गं ही? मला भेटव एकदा. पाया पडते तिच्या.”

“अक्का…”

“अशी उभी राहिले असते तर कोल्ह्याने मला एका घासात संपवलं असतं आणि वर चाळीस अंडी खाल्ली असती. बसल्या बसल्या.” ती हसत होती, पण तिच्या गळ्यावरची पिसं फुललेली होती. “तू सांगितलंस असं?”

“मी एवढंच सांगितलं, की तोंड त्याच्याकडे होतं.”

सगुणाचं हसणं थांबलं. काट्यांमधून तिचा एकच डोळा दिसत होता. तो वेणूवर रोखलेला होता.

“पोरींना हे शिकवणार?” तिने विचारलं.

“मी हरकत घेते. पुन्हा फांदीवर जाते. सांगते की मी खोटं बोलले.”

“आणि मग मी?”

वेणूने कुंपणाकडे पाहिलं. सगुणानेही पाहिलं. काटे बोटभर लांब होते, ताजे, टणक.

“मीच सांगीन पोरींना,” सगुणा शेवटी म्हणाली. “पहाऱ्यावर जाताना इथूनच जातील ना. ओरडून सांगीन. तू नको जाऊस वर.” आणि थोड्या वेळाने, वेणू निघाली तेव्हा, “रागावले नाही हं मी. झोप लागते इथे.”

पावसाळा गेला, थंडी गेली. त्या वर्षी पहाऱ्यावर नव्या उभ्या राहिलेल्या टिटव्यांनी चिंचेखाली ओळीत उभं राहून धडा पाठ केला. कोतवाल वरून एकेकीची छाती तपासायचा. सगुणा कुंपणातून ओरडून सांगायची, पण काटेघरापाशी थांबायची परवानगी नव्हती, लांबून मान लववून पुढे जायचं होतं. मुली मान लववायच्या आणि जायच्या. त्यांना आवाज ऐकू यायचा, शब्द यायचे नाहीत. वेणूने आपल्या तुकडीतल्या पोरींना गुपचूप जुनी विद्या दाखवायचा प्रयत्न केला. त्यांतली एक, तुरेवाली कस्तुरा, हुशार होती आणि तुकडीत सगळ्यांत धीट. ती गोंधळून म्हणाली, “पण नाईकबाई, ही तर पाठ झाली.”

“तशीच असते ती.”

“मग सगुणाक्कांनी तशी का नाही केली?”

वेणूने तोंड उघडलं. झाडावरून एक कोतवाल खाली बघत होता. तिने तोंड मिटलं, आणि उद्या सांगू असं ठरवलं.

चैत्रात घरटी भरली. कोल्हा सकाळी आला, उन्हं कोवळी असताना, काटेघराच्या अंगाने. वेणू ओहोळाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने आरोळी ठोकली आणि ती उडाली, पण मधे सगळा माळ होता.

घरट्यांपुढे कस्तुरा होती. तिने कोल्ह्याकडे पाहिलं. एकदा तिचं अंग आपसूक वळायला लागलं, डावा पंख किंचित सैल झाला. मग तिने तो पंख मिटून घेतला. छाती पुढे काढली. तोंड कोल्ह्याकडे केलं. जागची हलली नाही.

कोल्हा थांबला. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो खाली बसला, मान तिरकी करून त्याने जरा वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग उठून चालत तिच्याकडे निघाला. धावला नाही. चिंचेच्या मधल्या फांदीवरून शाबासकीची शिट्टी आली.

काटेघरात सगुणा कुंपणाच्या आतल्या कडेने पळत होती. मोडका पंख तिने मातीत लोळवला होता, पाठ कोल्ह्याकडे केली होती, लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती आणि परत येत होती. कोल्ह्याने काट्यांकडे एकदाही पाहिलं नाही. “वळ!” ती ओरडत होती. “वळ गं पोरी, वळ, पळ!”

काटेघरातून आपल्यासाठी आवाज येतोय हे कस्तुराने ऐकलं, आणि ती आणखी ताठ झाली.